अँबेसेडरची नवी कुलपं

बद्रीनाथतात्यांच्या अँबेसेडरची चावी देवघराशेजारच्या खुंटीवरून गेली, त्या सकाळी त्यांनी घरात कुणाला काहीच विचारलं नाही. चहा पीत रिकाम्या खुंटीकडं बघत बसले. वच्छलाबाईंनी "काय झालं?" म्हणून विचारलं, तेव्हाही "काय न्हाई" एवढंच म्हणाले. आपण विचारायला लागलो की चोर सावध होतो, असं त्यांचं मत होतं, आणि अर्धं आयुष्य गावच्या राजकारणात घालवल्यामुळे ते पक्कं झालेलं होतं.

साखर कारखान्याचे संचालक झाले त्या वर्षी त्यांनी ही पांढरी गाडी घेतली. पुढं संचालकपद गेलं, मागाहून आलेल्या जीपगाड्या विकून झाल्या, एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला गेला. अँबेसेडर मात्र राहिली. लोक वरातीला मागायला येत, तात्या देत नसत. चालवणार ते एकटेच. त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा सोमनाथ ती धुवायचा, चाकातली हवा बघायचा, पण स्टिअरिंगवर बसायचं नाही हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

मग चावी नेली कुणी?

पहिला संशय पुतण्यावर गेला. अंगदला पंचायत समितीला उभं राहायचं होतं आणि प्रचाराला काकाची गाडी हवी होती. तात्या नाही म्हणाले, तेव्हा तो नुसता हसून निघून गेला होता. ते हसणं तात्यांना आता खुपायला लागलं. पण मग त्यांना आदली संध्याकाळ आठवली आणि अंगद मागं पडला.

आदल्या संध्याकाळी भुरभुर चालू होती. तात्या ओसरीवर बसले होते. दिवेलागणीला गाडीच्या शेडमधून डोक्यावर घोंगडं घेतलेलं एक माणूस निघालं आणि गोठ्याकडं वळलं. सोमनाथ मेंढपाळाच्या घरचा. त्याचा बाप सटवा अजूनही धरणाच्या कडेनं मेंढरं चारतो. पावसात घोंगडं पांघरून आपल्या वाड्यात फिरणारं दुसरं कोण असणार? तेव्हा तात्यांनी हाक मारली नव्हती. आता सगळं जुळत होतं.

जुळलं म्हणून लगेच बोलायचं नाही. आधी कुलपं.

माजलगावच्या स्टँडसमोर चाव्या करणारा प्रविण दुपारी मोटारसायकलवर आला. त्यानं अँबेसेडरच्या दाराशी वाकून बघितलं, मग स्वतःच्या मोटारसायकलची चावी आत घातली आणि फिरवली. दार उघडलं. डिकीही उघडली.

"तात्या, ही गाडी बंद व्हती कुठं?" तो म्हणाला. "कुलपातल्या पितळी पत्त्या झिजून गुळगुळीत झाल्यात. कपाटाची चावी घाला न्हाईतर पेटीची, फिरतीच."

म्हणजे इतकी वर्षं आपण रोज रात्री कुलूप लावून जे झोपलो, ते कुलूप नव्हतंच. हे कुणाकुणाला ठाऊक असेल? गाडी धुणाऱ्याला तर नक्कीच.

"सगळी बदल," ते म्हणाले. "दारं, डिकी, चालू करायचंबी. सगळ्याला एकच चावी."

प्रविणनं जुनी कुलपं काढून नेली. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांच्या सामानातून मिळवलेली, पण न झिजलेली कुलपं घेऊन आला आणि बसवायला लागला. तात्या खुर्ची टाकून त्याच्या शेजारीच बसले. तो कानस घासत असताना ते त्याच्या हातांवरून नजर काढत नव्हते.

"किती चाव्या करायलास?"

"दोन."

"आन तिसरी?"

"तिसरी कशाला?"

"तेच इचारतोय मी. कशाला?"

प्रविणनं कानस खाली ठेवली. "तात्या, गिऱ्हाइकाची चावी ठिवून घेनाऱ्याला कोन दारात उभं करंल?"

"पिशवी दाखव."

त्यानं पिशवी जमिनीवर उपडी केली. खिसेही बाहेर काढून दाखवले. वच्छलाबाईंनी आणून ठेवलेल्या चहाला त्यानं हात लावला नाही. निघताना गाडीच्या पुढं थांबला आणि म्हणाला, "डाव्या दिव्याची कड चेपलीय. कुठं धडकली व्हती का?"

तात्या वाकले. बोटं फिरवल्यावर कड हाताला लागली. पत्रा आत गेला होता, काचेला तडा होता.

"मी तर कुठं धडकलो न्हाई," ते म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांना वाटलं, झालं, पुरावा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाईच्या हॉटेलात नेहमीची माणसं होती. अंगदही होता. सोमनाथ कोपऱ्यात चहा पीत होता. तात्या आत आले ते सरळ त्याच्यासमोर उभे राहिले.

"सोमनाथ, गाडी कुठं ठोकलीस?"

"कंची गाडी?"

"माझी. चावी नेलीस, गाडी भाईर काढलीस, दिवा चेपवलास. आन वर कंची म्हनतोस."

"तात्या, मी न्हाई नेली."

"मी माझ्या डोळ्यानं बघितलंय तुला. शेडातून निघताना. घोंगडं घेऊन."

सोमनाथनं मान वर करून तात्यांकडं बघितलं, त्यांच्या डोळ्यांकडंच. मग त्यानं खिशातून ट्रॅक्टरची चावी काढली, चहाच्या ग्लासाशेजारी ठेवली.

"तुमी डोळ्यानं बघितलं म्हनता, तर मी काय बोलू," तो म्हणाला आणि निघून गेला.

"काका, जरा घरी तरी इचारायचं," अंगद हळूच म्हणाला. तात्यांना वाटलं, हा त्याची बाजू घेतोय; म्हणजे दोघं मिळून आहेत.

नव्या दोन्ही चाव्या त्यांनी करदोड्याला बांधल्या. अंघोळीला जाताना, झोपताना, त्या कमरेलाच. ट्रॅक्टर दारात उभा राहिला. गाडी शेडमध्ये उभी राहिली, कारण तात्या घराबाहेर पडले तर मागं घर राखणार कोण? दिवसातून अनेकदा ते शेडकडं जात, दारं ओढून बघत आणि परत येत. वच्छलाबाई त्या दिवसांत फार कमी बोलत होत्या. त्याचाही तात्यांनी विचार केला, पण त्यातून काही निघालं नाही.

एका दुपारी ते जेवून आडवे झाले. उठले तर कमर हलकी लागली. करदोडा होता; चाव्यांचा दोरा मात्र कापलेला होता. सरळ, कात्रीनं कापावा तसा. त्यांनी दाराकडं बघितलं. आतून लावलेली कडी तशीच होती. घरात दोघंच होती.

स्वयंपाकघरात वच्छलाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. कात्री त्यांच्या शेजारी उघड्यावर पडलेली.

"वच्छला, चाव्या?"

"माझ्यापाशी हायेत. पयलीबी माझ्यापाशीच हाय."

तात्या चौकटीला धरून उभे राहिले. "कावून?"

वच्छलाबाईंनी सूप बाजूला सारलं. "तुमी माजलगावहून आलता त्या सांजच्याला. गाडी आदळली म्हनलात, खड्ड्यात गेली म्हनलात. खड्डा नव्हता त्यो. सटवाभाऊचं कोकरू व्हतं."

"कोकरू?"

"मेलं ते. आन त्येच्या मागं सोमनाथची पोर संस्कृती पळत व्हती, हातभर अंतरावर. सटवाभाऊनं तिला झग्याला धरून वढली म्हनून. तुमी थांबलाबी न्हाईत. तुमाला दिसलंच न्हाई."

"मग त्यो दिवा..." तात्या म्हणाले.

"सटवाभाऊ मागच्या दारानं आलते. भांडले न्हाईत. म्हनले, वैनी, तात्याला दिसंना झालंय, त्येंच्या हातात गाडी देऊ नका. मी त्येंचे पाय धरले, म्हनलं गावात बोलू नका. बाप-लेकांनी शब्द पाळला. दिव्यात लोकर अडकली व्हती, रगत व्हतं. मी जाऊन धुतलं आन चावी काढून ठिवली. पाऊस व्हता म्हनून गोठ्यातलं घोंगडं डोक्यावर घेतलं."

"ती तू व्हतीस?"

"मीच."

"आन सोमनाथवर मी आळ घेतला तवा तोंडाला कुलूप घातलंस?"

वच्छलाबाईंचे डोळे भरले. "ते माझं चुकलं. रोज उठून ठरवायची, आज सांगते. तुमी ऐकलं असतं का?"

तात्यांनी ऐकलं नसतंच. आताही त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हिला अंगदनं शिकवलं असेल. गाडी मोकळी झाली की ती त्याचीच. ते तसं बोललेही.

वच्छलाबाई उठल्या आणि त्यांना ओसरीवर घेऊन आल्या. फाटकातून कुणीतरी आत येत होतं.

"कोन येतंय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

तात्यांनी डोळे बारीक केले. पांढरे कपडे, ताठ चाल. "अंगदच की. बघ, नाव काढलं आन आला. कशाला आलाय त्यो?"

"ये गं छबू," वच्छलाबाईंनी हाक मारली, आणि शेजारची छबुबाई पांढऱ्या लुगड्यात, ताकाची चरवी घेऊन पायरीपर्यंत आली तेव्हा कुठं तात्यांना तिचा चेहरा दिसला.

तात्या तिथंच खाली बसले. छबुबाई ताक देऊन गेली तरी ते उठले नाहीत. इतके दिवस धुकं रस्त्यावर असतं, धूळ काचेवर असते, दिवेच हल्ली मंद जळतात, असं ते धरून चालले होते. एखादं माणूस ओळखू आलं नाही की ते तोंड लपवतंय असं त्यांना वाटायचं. काल-परवापासून नव्हे. हे कधीपासून चाललं होतं हेच त्यांना सांगता येईना.

संध्याकाळ व्हायच्या आत ते काठी घेऊन चालत सटवाच्या वस्तीवर गेले. सटवा मेंढरं आत घेत होता. त्यानं घोंगडं पसरून बसायला दिलं.

"सटवा, मला म्हायती नव्हतं."

"ते म्हायती हाय मला."

"सोमनाथ कुठंय?"

"वडवणीकडं ट्रॅक्टरवर लागलाय दुसऱ्याच्या. रोज जातोय येतोय." सटवानं शेवटचं मेंढरू आत ढकललं. "कोकराचं मी काय धरलं न्हाई तात्या. पन पोराला चार मान्सांत चोर म्हनलात. ते त्येच्या बायकोच्या कानावर गेलं, सासरवाडीला गेलं. तुमी हितं येऊन बोलून ते कसं फिटंल?"

तात्या काठी टेकत उठले.

सकाळी ते हॉटेलात गेले. तीच माणसं होती. आपण आंधळे होत चाललोय हे निवडणुकीच्या तोंडावर गावात सांगणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं कळत होतं. उद्यापासून कुणी आपल्याला सल्ला विचारायला येणार नाही. तरी ते उभं राहून बोलले. चावी घरातच होती. सोमनाथनं काही केलेलं नाही. त्याच्या बापाचं कोकरू माझ्या गाडीखाली मेलं, त्याची पोर थोडक्यात वाचली, आणि मला ते दिसलं नाही. मला दिसत नाही. सोमनाथनं हे माहीत असून मला वाचवलं आणि मी त्याला चोर केलं.

अंगदनं उठून त्यांना खुर्ची दिली. ती का दिली असेल, असा विचार तात्यांच्या मनात आलाच. तो त्यांनी तसाच ठेवला आणि खुर्चीत बसले. प्रविणला मात्र त्यांनी काही कळवलं नाही. ते राहूनच गेलं.

रविवारी सोमनाथ ट्रॅक्टरवर राहिलेला आपला टॉवेल आणि डबा न्यायला आला. तात्या ओसरीवर होते. पावलांचा आवाज जवळ येईपर्यंत त्यांनी नाव घेतलं नाही.

"सोमनाथ का?"

"व्हय."

"हॉटेलातलं कळलं?"

"कळलं."

"मला बीडला डोळे दाखवायला जायचंय. गाडी तू चालवशील का?"

सोमनाथ बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिला. "चालवतो. पन कामावर येनार न्हाई म्या. फकस्त बीडला."

"बरं."

"आन गाडीत मागं बसायचं. वैनीबी संगं पायजेत."

तात्या मागं बसले. स्वतःच्या गाडीत ते मागं कधी बसलेच नव्हते. गाडी रस्त्याला लागली, तसं कुणी हात करून गेलं. तात्यांनी कोण म्हणून विचारलं नाही, पण त्यांनीही हात केला. बीडच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, एकाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याचं त्यानंतर. पण गाडीचं नाव काढू नका म्हणाले.

घरी आल्यावर सोमनाथनं गाडी शेडमध्ये लावली, नवी कुलपं फिरवून प्रत्येक दार ओढून बघितलं. मग ओसरीवर येऊन चावी तात्यांच्या पुढं केलेल्या हातात न देता वच्छलाबाईंच्या हातात दिली.

"ऑपरेशनला कधी जायचं ते सांगा वैनी," तो म्हणाला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून वस्तीच्या वाटेला लागला.