एकच क्रमांक, दोन बाळं

ऐकताय ना? औषधखोलीच्या दारावरून बोलतोय मी. हे दार तुम्हाला दिसायचं नाही. आमच्या रुग्णालयात वॉर्डातली सिस्टर संगणकाच्या पडद्यावर औषध मागते, तिचा निरोप तारेतून औषधखोलीच्या संगणकाकडे निघतो, आणि आत शिरण्याआधी त्याची माझ्याशी गाठ पडते. प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक असतो. तो आहे का, धड आहे का, पूर्वी येऊन गेलाय का, एवढंच मी बघतो. मी म्हणजे प्रोग्रामच्या थोड्याशा ओळी. मला हात नाहीत, पण अडवता येतं.

मला लिहिलं एका प्रोग्रामर बाईंनी. कार्यालयात त्यांना सगळे ‘बारकाईबाई’ म्हणायचे, आधी चिडवायला, मग सवयीनं. माझा जन्म झाला तो त्यांच्या वडिलांमुळे. एका सकाळी बाईंनी फोन करून त्यांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली, पाठोपाठ त्यांच्या भावानंही दिली. वडिलांनी दोन्ही मुलांचं ऐकलं, दोनदा गोळी घेतली आणि स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. थोडक्यात निभावलं.

“बाबा, आम्ही दोघांनी एकच गोष्ट सांगितली होती,” बाई म्हणाल्या.

“मला काय कळणार, एकच होती की दोन?” बाबा म्हणाले.

बाईंच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. आठवड्याच्या आत त्या मला लिहायला बसल्या.

आमच्याकडे तारेचा भरवसा नसायचा. उत्तर आलं नाही की वॉर्डातला पडदा तोच निरोप त्याच क्रमांकानं पुन्हा धाडायचा, आणि औषधखोली त्याला नवी मागणी समजून बसायची. मी आलो आणि हे थांबलं. निरोप दुसऱ्यांदा आला की मी आधीचंच उत्तर परत द्यायचो, औषध एकदाच निघायचं. पण क्रमांक तोच आणि आतला मजकूर मात्र वेगळा, असं झालं तर? ‘तो गिळायचा नाही, सोडायचाही नाही. परत पाठवायचा आणि आरडाओरडा करायचा,’ ही बाईंची सक्त ताकीद होती. तशी वेळ कधी आली नाही. माणसांचं एक बघून ठेवलंय मी: जे घडता घडता टळलं, त्याची आठवण कुणालाच राहत नाही. हळूहळू मीही सगळ्यांच्या विस्मरणात गेलो.

मग लहान मुलांचा नवा वॉर्ड उघडला. कोऱ्या भिंती, कोरे पडदे. आणि पहिल्याच सकाळी मी तिथले निरोप धडाधड परत पाठवू लागलो. एका बाळाला फिट आली होती, त्याच्या औषधाची मागणी मी दारातच अडवली. मोठ्या सिस्टरनी फोन उचलला, तोंडी औषध मागितलं. औषधखोलीतले काका स्वतः बाटली घेऊन जिन्यानं धावत गेले. बाळ शांत झालं, पण सिस्टर शांत झाल्या नाहीत. त्या तशाच संगणक विभागाच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी बाईंना बोलावलं. आजवर सुरळीत चाललेलं काम याच्यामुळे खोळंबलं, आत्ताच्या आत्ता याला बंद करा, असं त्यांनी सांगितलं. माझा जीव कंठाशी आला, म्हणजे कंठ असता तर आला असता. बाईंनी नाही म्हटलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, “बंद करते. पण त्यानं कशाला अडवलं, ते आधी वॉर्डात जाऊन बघू या का?”

तिघंही वॉर्डात गेले. बाईंनी परत आलेला निरोप उघडला: खिडकीजवळच्या बाळाचं फिटचं औषध. मग त्याच क्रमांकाचा आधी गेलेला निरोप उघडला, तर तो निघाला दारालगतच्या पडद्यावरून: दुसऱ्याच बाळाचं, तापाचं औषध. मोठ्या सिस्टर वाकून दोन्ही क्रमांक आळीपाळीनं वाचत राहिल्या. वॉर्डातले सगळे पडदे एकाच पडद्याची नक्कल करून बसवले होते. सगळे एकाच आकड्यापासून मोजत होते, म्हणून एकमेकांचे क्रमांक वापरत होते.

काका अजून तिथेच दम खात उभे होते. ते म्हणाले, “पाकिटावर बाळाचं नाव या क्रमांकावरूनच छापून येतं. हा आत आला असता, तर एकाचं औषध दुसऱ्याच्या नावावर चढलं असतं.”

मोठ्या सिस्टरनी खिडकीजवळच्या बाळाकडे पाहिलं, मग दाराकडच्या. साहेब खाली बसले. म्हणाले, “याला हात लावू नका. आधी हे पडदे बंद करा.”

दुपारपर्यंत फोनवर काम चाललं. बाईंनी प्रत्येक पडद्याला स्वतःची वेगळी क्रमांकमाला दिली, आणि एकेक पडदा पुन्हा सुरू केला. पहिला निरोप आला, मी तपासला, सोडला. दुसरा आला, सोडला. मग रांगच लागली आणि एकालाही अडवायची वेळ आली नाही. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या म्हणे. मला त्या ऐकू येत नाहीत, पण त्या दिवसाइतके स्वच्छ निरोप मी कधी पाहिले नव्हते.

आता मी एकाच दारावर नाही. रक्ततपासणी, शस्त्रक्रियागृह, रुग्णवाहिका, साहेबांनी मला सगळीकडे नेमलंय. दिवसभर क्रमांक येतात, मी ‘जा’ म्हणतो, ते जातात. माझं मागणं एवढंच: कधी अडवलं, तर रागावण्याआधी मला कारण विचारा. मी सांगेन. आता येतो, वॉर्डातून कुणीतरी औषध मागितलंय. क्रमांक नवा आहे, धड आहे. जा बाबा, लवकर जा.