गुरुवारची तिकिटं

व्हर्ना टॉलिव्हरने बास्केटबॉलची तिकिटं गुरुवारची काढली, कारण बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते आणि ती चुकवणाऱ्या बाईबद्दल त्यांच्या इंडियानात चारचौघी कुजबुजतात. सामने दोन्ही दिवशी घरच्याच मैदानावर होते. लागोपाठ दोन सामने आले की दुसऱ्या दिवशी मोठ्या खेळाडूला विश्रांतीसाठी बाकावर बसवतात, हे तिला ठाऊक होतं. पण संघाचा हुकमी खेळाडू कॉर्डेल बसणाऱ्यांतला नाही, अशी तिची ठाम समजूत.

धाकट्या बहिणीची, ओपलची, नजर चहूबाजूंनी आकसत चालली होती. नळीतून पाहावं तेवढंच आता दिसे, आणि तेही फार तर उन्हाळ्यापर्यंत, असं डॉक्टर म्हणाले होते. ओपलने एकच मागितलं. कॉर्डेलला एकदा समोर बघायचं. म्हणून व्हर्नाने जागा थेट संघाच्या बाकामागे घेतल्या.

दोघी पॉपकॉर्न घेऊन टेकतात न टेकतात, तोच शेजारच्या माणसाने फोन बघून शिवी हासडली.

"बसवला कॉर्डेलला! विश्रांती म्हणे!"

"दुखलंय का काही?" व्हर्नाने विचारलं.

"छे हो, ठणठणीत आहे. कालच चाळीस गुण मारले."

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. निम्मा राग स्वतःवरच होता. काल तो चाळीस गुण मारत होता तेव्हा ती डोळे मिटून ओपलच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करत होती.

सामना सुरू झाला. ओपल मान इकडून तिकडे फिरवत राहिली. चेंडू सापडेपर्यंत तो पलीकडे गेलेला असे. पुढ्यात कॉर्डेल साध्या कपड्यांत, पाठमोरा, गम चघळत बसला होता.

शेवटी व्हर्नाला राहवलं नाही. शाळेच्या खानावळीत तीस वर्षं पोरांना दटावून कमावलेला आवाज तिने लावला. "ए कॉर्डेल! पाय मोडलाय का रे तुझा?"

आजूबाजूचे हसले. तो वळला, व्हर्नाला बघून ओशाळं हसला, दोन्ही तळवे वर केले आणि पुन्हा पाठ फिरवून बसला.

"मेला धडधाकट आहे," व्हर्ना म्हणाली. "चल, घरी जाऊ. माझंच चुकलं, ओपल."

ओपल जागची हलली नाही.

"पुढच्या दातांत फट आहे गं त्याच्या. टीव्हीवर कधी दिसली नव्हती."

पळणाऱ्यांचा नाद तिने सोडला होता. त्या रुंद पाठीवर नजर रोखून तिने बहिणीला कोपराने ढोसलं.

"व्हर्ना, पुन्हा ओरड."