दोनशे बारा वेळा

"सर, दिवसातून किती वेळा आपण स्वतःलाच मनात वाईट बोलतो?" हा प्रश्न भर वर्गात विचारून दाखव, अशी पैज मोहिनीने आणि बाकीच्या मैत्रिणींनी लावली होती. इलाने विचारला. सगळा वर्ग हसला. निशांत सर हसले नाहीत. म्हणाले, "मोजून पाहा. विचार आला की नुसतं 'आला' म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. त्याच्याशी भांडत बसायचं नाही."

आता मोजायचे कशाने? तर माझ्याने! मित्रांनो, मी एक जुने जपाचे काउंटर आहे, अंगठीसारखे बोटात घालायचे. बटण दाबले की आकडा एकाने वाढतो. इलाची आई इंदिराबाई आष्टीहून कारंज्याच्या शाळेत शिकवायला जायच्या, तेव्हा एसटीत माझ्यावर नामजप मोजायच्या. माझे बटण त्यांच्याच अंगठ्याने गुळगुळीत झाले. मग नवे काउंटर आले आणि मी ड्रॉवरमध्ये सुकलेल्या पेनांसोबत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इलाने मला बोटात घातले. हसरी मुलगी आतून कशी असते, ते मला त्या दिवशी कळले. 'माझं हसणं किती भसाडं आहे.' टक्. 'मोहिनी उगाच सोबत घेते मला.' टक्. दोन-तीनदा ती खरेच गणिताकडे वळली, तेव्हा पुढचा आकडा बराच वेळ आला नाही. पण मग, 'मी नसते तरी चाललं असतं.' इथे तिचा अंगठा थांबला. मग टक्.

संध्याकाळी मी टेबलावर होते. आकडा २१२. आईच्या भजनी मंडळाच्या बायकांनी एक कोटी जपाचा संकल्प केला होता. जिने तिने घरातल्यांचा आकडा रोज ग्रुपवर टाकायचा. आईने मला पाहिले, लेकीने जप केला असे समजून डोळे पुसले आणि इलाच्या नावाने २१२ टाकून दिले. तो आकडा वाचून शेजारच्या प्रमिलाबाई पेढे घेऊनच आल्या.

"माह्या ऋतिकले सांगून सांगून थकली मी. अन् तुमची पोरगी न सांगता जप करून राह्यली, बाई."

"आपल्याले वाटे मोबाईल पाहून राह्यली," इलाचे बाबा अभिमानाने म्हणाले.

इलाच्या हातावर पेढा आला. गप्प राहणे किती सोपे होते! मित्रांनो, माझ्यावर फक्त आकडा दिसतो, कशाचा ते दिसत नाही. हसऱ्या चेहऱ्यावरही दिसत नाही. वाईट विचार आला तर ओळखा, जाऊ द्या. पण फार जड झाला तर एकटे मोजत बसू नका.

प्रमिलाबाई गेल्यावर इलाने पेढा बशीत ठेवला.

"आई, ते देवाचं नाव नव्हतं. मी दिवसभर स्वतःले जे जे वाईट बोलली, ते मोजलं. ग्रुपवरून तो आकडा काढ. एकदा तर वाटलं, मी नसली तरी चालते."

आईने तिला जवळ ओढले. बाबांनी हळूच विचारले, "काऊन बेटा?"

"काऊन, ते मलेच नाई कळत. म्हणून मी सोमवारी वर्ध्याले मनाच्या डॉक्टरकडे जाणार आहो. तुम्ही दोघंही सोबत येजा."