अडीचचे दोन

टेबलाच्या कडेला चिकटलेलं चाचणीचं लेबल नखाने निघत नव्हतं — एक कोपरा सुटला, बाकीचं तसंच, आणि त्यावर ठळक '४ मिली'. चार बरोबर होतं. दहा आणि बाराही बरोबर आले होते. अकरा दिवसांपूर्वी, सिरिंजची लेबलं छापणारा प्रोग्रॅम वॉर्डात पाठवताना, अस्मिताने पूर्ण संख्याच टाकून पाहिल्या होत्या. नवजात बाळांच्या वॉर्डात औषध अर्ध्या-अर्ध्या मिलीने, दीड, अडीच असंही मोजतात, हे मिहानमधल्या कंपनीच्या या गार खोलीत तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आकडा मोठा दिसू दे, पॉइंट-शून्य कशाला, असं टीमचे प्रमुख अंकुश सर म्हणाले, आणि संख्येचा मजकूर करणाऱ्या ओळीत तिने दशांशस्थळं शून्य केली. मग जेवायला गेली.

आज सकाळी वॉर्डातून नर्स सिंधूताईंचा फोन आला. डॉक्टरांच्या कागदावर दीड, सिरिंजच्या लेबलवर दोन. त्यांनी खोडून दुरुस्त केलं होतं. मग त्या म्हणाल्या, "जास्त दिसलं तं आमच्या लक्षात येते वं. कमी तं नाही ना दाखवत कुठं?"

"नाही, ताई."

इतकं सहज म्हणून गेली ती… आई कळमेश्वरच्या शाळेत गणित शिकवायची, आणि अर्धा आला की वरचा आकडा, हे तिने अस्मिताकडून इतक्यांदा म्हणून घेतलं होतं की — विचार करण्यासारखं त्यात होतं काय?

दुपारी ओळ दुरुस्त करण्याआधी तिने अडीच टाकून पाहिलं. पडद्यावर दोन. साडेतीनचे चार. साडेचारचेही चारच. प्रोग्रॅमिंगची ही भाषा नेमक्या अर्ध्यावरून वर जात नाही, जवळच्या सम संख्येकडे जाते. हे कुठेतरी लिहिलेलं असणार, तिने वाचलं नव्हतं. म्हणजे कधी जास्त, कधी कमी. जास्त तरी ताईंनी पकडलं. कमी गेलेलं कोण पकडणार — ताप उतरला नाही, एवढंच दिसलं असेल, अकरा दिवस, कोणकोणत्या पाळण्यात…

तिने ओळ बदलली. आता २.५ छापून येत होतं. दुरुस्त झालं ना, मग विषय संपला, असं सांगून अंकुश सर मीटिंगला गेले. पण ताई अजून त्या 'नाही'वर विसंबून असतील, आधी छापलेल्या लेबलांवरचे फक्त जास्तीचे आकडे तपासत.

तिने फोन लावला. तिसरी रिंग. चौथी. ताईंनी उचलू नये, असं आत कुणीतरी स्वच्छ म्हणालं, सकाळी 'नाही, ताई' म्हणालेल्या तिच्याच आवाजात, अगदी शांतपणे — आणि आता तिला त्या शांतपणाची भीती वाटू लागली.