बारा नंबरच्या खोलीतला कोट

मी इस्त्री बोलतेय. घरातली नव्हे की लाँड्रीतली नव्हे. भर शहरात, दोन उंच इमारतींच्या मधे अंग चोरून उभ्या असलेल्या एका साध्या लॉजची इस्त्री. खोल्या बावीस आणि मी एकटी. ज्याला हवी त्याने काउंटरवर सांगायचं, मग सफाईच्या मावशी मला कडेवर घेऊन जिना चढणार.

कारखान्यात माझ्याबरोबर शेकडो बहिणी तयार झाल्या. त्या कुठे गेल्या कोण जाणे, पण माझ्यासारखं नशीब थोड्याच जणींचं असेल. इथे रोजच्या कपड्यांसाठी मला कोणी बोलावत नाही. स्वस्त खोलीत उतरलेला माणूस इस्त्री मागतो, त्या दिवशी त्याचं काहीतरी मोठं असतं. कुणाची मुलाखत, कुणाची कोर्टात साक्ष. बाही सरळ करता करता माणसं स्वतःशीच पुटपुटतात, आणि ते सगळ्यात जवळून मला ऐकू येतं. मी तापलेली असूनही अंगावर शहारा येतो.

वापरून वापरून माझ्या चकतीवरचे आकडे पुसले गेले. मग मावशींनी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. त्याच्या पुढे चकती फिरवायची नाही, असं त्या प्रत्येकाला बजावतात.

बारा नंबरमधल्या म्हाताऱ्यालाही बजावलं. तो शिंपी होता, सुनेला घेऊन आला होता. नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या एका मोठ्या कार्यशाळेत तिला काम हवं होतं. स्वतः शिवलेला कोट घेऊन अकरा वाजता तिथे हजर व्हायचं होतं.

"चाळीस वर्षं इस्त्री धरलीय मी," म्हातारा म्हणाला. "मला ठिपके दाखवता?"

"तुमची असेल गुणी. ही तापट आहे," मावशी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

खोली एवढीशी, की दार पलंगाला अडून अर्धंच उघडायचं. सुनेने पलंगावर ब्लँकेटची घडी घातली आणि वर कोट पसरला. गडद निळी लोकर. मी आजवर हजारो कपड्यांवरून फिरले, पण असं काम पाहिलं नव्हतं. टाका शोधून सापडेना. कॉलर अशी वळली होती, जणू कापड तसंच विणलं गेलं असावं.

"मी करू का, मामंजी?" सुनेने हात पुढे केला.

"शिवण तुझी, शेवटची इस्त्री माझी. आपल्या दुकानाची रीत आहे ती."

त्याने चकती ठिपक्याच्या पुढे नेली. कोटावर ओला रुमाल अंथरला आणि मला उचललं. तेव्हा मला कळलं, त्याचा हात थरथरत होता. छातीवर येता येता रुमाल सरकला आणि मी थेट लोकरीवर टेकले. क्षणभरच. पण उचललं तेव्हा तिथे आरशासारखी चमक उमटली होती.

म्हातारा खाली बसला. खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. साडेनऊ झाले होते.

"घालवला मी तुझा कोट," तो म्हणाला.

"जळला नाहीये, मामंजी. नुसती चमक आलीय."

तिने मला हातात घेतलं, चकती ठिपक्यावर आणली. रुमाल पुन्हा भिजवून पिळला, डागावर ठेवला आणि मला वर नुसतं अधांतरी धरलं. वाफ कापडात उतरली. मग पिशवीतून टूथब्रश काढून तिने लोकरीची लव हलकेच उभी केली. पुन्हा रुमाल, पुन्हा ब्रश. तिसऱ्या वेळी चमक गेली. कुठे होती, ते मलासुद्धा सांगता आलं नसतं.

"हे कुठे शिकलीस?"

"दुकानात. तुम्ही दुपारी जेवायला जायचात ना, तेव्हा."

"किती दिवस चाललंय?"

"तीन वर्षं होतील."

म्हाताऱ्याने आपला हात पुढे धरून पाहिला. "तरीच. हात असा झाला, तरी गिऱ्हाईक परत कसं येतं, हेच कोडं होतं मला."

मग तो उठला. कोटावर घासू नये म्हणून त्याने माझी वायर वर धरली आणि सून कोट पूर्ण करीपर्यंत तसाच उभा राहिला. उस्तादाने वायर धरलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

दुपारी मी काउंटरमागच्या फळीवर होते. दोघं आत आली. तिच्या हातात नुसता हँगर.

"कोट कुठाय?" मावशींनी विचारलं.

"ठेवून घेतला त्यांनी," म्हातारा म्हणाला. "हिलासुद्धा. सोमवारपासून."

आणि त्याने मला पुन्हा वर मागवून घेतलं. खोलीत अंगातला सदरा काढला, सुनेसमोर ठेवला आणि बनियनवरच पलंगाच्या कडेला बसला. "गाडीत बसायचंय मला. नीट कर. आणि सोमवारी इकडे येईपर्यंत दुकानातली शेवटची इस्त्री तूच करायचीस, माझ्यासमोर."

आता माझ्या वायरीला दोन ठिकाणी काळी पट्टी आहे. वाफेची नवी इस्त्री आली आहे आणि मी चादरींच्या कपाटात, सगळ्यात खाली. तक्रार नाही. पण मावशी, कधी नवी बिघडली आणि वरच्या खोलीत कुणाचा मोठा दिवस उजाडला असेल, तर मला न्या. ठिपका अजून पुसलेला नाही.