पेटीतला शनिवार

आमच्या डॅन्यूबकाठच्या नगरपालिकेने नदीवरच्या खानावळीचा ठेका ऑनलाइन लिलावाला काढला. खानावळ माझ्या देसांका मावशीची. ठेका गेला तर तिने या वयात चूल कुठे मांडायची?

बोली जायच्या तीन कुलूपबंद पेट्यांत. पेटी म्हणजे क्लाउडमधल्या भाड्याच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम. आत कोणालाच डोकावता येत नाही, संगणकाच्या मालकालासुद्धा. पण पेटीला खिडकी नाही, त्यामुळे किती वाजले ते तिने मालकालाच विचारायचं! वर तिघींत जिचं घड्याळ पुढे, तिचंच बाकीच्या ऐकणार. मी नगरपालिकेचे संगणक सांभाळतो. घसा फोडून सांगितलं, बाहेरच्या घड्याळाशी ताडून बघा. लिलाव समितीचे अध्यक्ष तिहोमीर म्हणाले, तिघी एकमेकींना विचारतात ना, मग झालं की.

संगणकांचा मालक ल्युबिशा, महापौरांच्या लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाहून जवळचं. खानावळ त्यालाही हवी होती. शुक्रवारी सकाळी स्वतःची बोली लावून पठ्ठ्याने एका संगणकाचं घड्याळ पुढे ढकललं. बाकीच्या दोन पेट्यांनीही मुकाट तीच वेळ धरली. मुदत दुपारपर्यंत होती. मावशी सकाळची कॉफी आटपून बोली लावायला बसली, तर पेटी म्हणे, मुदत संपली, आज शनिवार.

मी अध्यक्षांना भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, खिडकीतून शुक्रवारचा बाजार दाखवला. त्यांनी ढिम्म चेहऱ्याने लिहून सही ठोकली: यंत्राची वेळ हीच अधिकृत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण हावरटाने खात्रीसाठी अख्खा दिवस ढकलला होता, आणि विजेत्याने शुक्रवारीच करार करायची अट होती. ल्युबिशा करार करायला गेला, तर पेटीने त्यालाही शनिवार सुनावला. त्याने घड्याळ मागे फिरवून पाहिलं, पण एकदा पुढे गेलेली पेटी मागे येईना. बोली रद्द. दुसरी बोलीच नाही, तेव्हा नियमाने जुनाच ठेकेदार कायम, म्हणजे मावशी.

अध्यक्ष मोठे देवभोळे. शुक्रवारचा उपास, म्हणजे मांस वर्ज्य, मासा चालतो, त्यांनी जन्मात मोडलेला नाही. दुपारी नेहमीसारखे उपासाच्या माशाच्या रश्श्यासाठी येऊन बसले. मावशीने पुढ्यात भाजलेलं डुकराचं मांस ठेवलं.

"देसांका, अगं, आज शुक्रवार आहे," ते हळूच म्हणाले.

मावशीने हात पुसले. "हे सकाळी म्हणाला असतात, अध्यक्षसाहेब, तर मासा मिळाला असता. आता शनिवार आहे, तुमच्याच सहीने. खा."