शिवणीतली माया

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. कपड्यांची मापं घेतात ती, पिवळी, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेली. नाशिकला सातपूरमधल्या दोन खोल्यांच्या घरात, शिलाई मशीनशेजारच्या खिळ्याला मी लटकत असते. माझ्या एका टोकाशी बारीक दातांचे ठसे आहेत. ते संतोषचे. दात येत होते तेव्हा तो मला चावायचा.

काचेच्या बारीक तंतूंवर प्लॅस्टिकचा थर चढवून मला बनवलं. त्यामुळे मी कापडासारखी वळते, पण सहसा ताणली जात नाही. संतोषच्या आईने, सुमनबाईंनी, मला मेन रोडवरच्या दुकानातून आणलं. त्या कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश शिवायच्या आणि चौदा एप्रिल जवळ आला की जयंतीच्या मिरवणुकीसाठी वस्तीतल्या लहानथोरांचे पांढरे कपडे. फूटपट्टी वस्तूच्या शेजारी पडून राहते, वजनकाटा पायाखाली असतो. मला मात्र माणसाला मिठी मारल्याशिवाय त्याचं माप घेता येत नाही. याचा मला फार अभिमान वाटायचा.

सुमनबाईंच्या दोन सवयी होत्या. कंबर मोजताना त्या माझ्या आत दोन बोटं घालायच्या, म्हणजे कपडा सैलसर बसतो. आणि प्रत्येक शिवणीत भरपूर माया ठेवायच्या. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. माणूस अंगाने भरला की शिवण उसवायची आणि माया सोडायची.

संतोष मोठा झाला, एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. मग तो आजारी पडला. कोणी नसताना त्याला माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. मोठ्या रुग्णालयातल्या मनोविकार विभागात उपचार सुरू झाले, आवाज हळूहळू शांत झाले. गोळ्यांनी भूक वाढली आणि कंबरही वाढली. पँटमधली सगळी माया सोडून संपली, तेव्हा सुमनबाईंनी त्याला मोठी पांढरी पँट शिवली. हातात हात घेणारे मित्र आता लांबूनच हात हलवायचे. त्या काळात त्याला मिठी मारणाऱ्या आम्ही दोघीच होतो, सुमनबाई आणि मी.

त्याच विभागात तेजल नावाची एक मुलगी संशोधनाचं काम करायची. मनाचे आजार असलेल्या माणसांना मधुमेह आणि हृदयाचे आजार जास्त का होतात, ते वेळेवर का कळत नाहीत, याचा तिथे अभ्यास चालला होता. दर तीन महिन्यांनी ती संतोषची कंबर, वजन आणि रक्तदाब मोजायची.

या हिवाळ्यात संतोष बारीक होऊ लागला. सुमनबाई हरखून गेल्या. कंबर मोजायच्या आणि पँटला टाका घालून कापड आत दुमडायच्या. "कापायचं नाय," त्या म्हणायच्या, "माया राहू दे." शेजारच्या चिमणाबाईंना त्यांनी कौतुकाने सांगितलं, "बघ, माझा पहिला संतोष परत आला!"

"आला खरा," चिमणाबाई म्हणाल्या, "पण पाणी केवढं पितो गं! गंगापूर धरण आटवतो का काय?"

संतोष खरंच बाटलीमागून बाटली पाणी प्यायचा. पाय गळून गेलेत म्हणायचा. सुमनबाई त्याला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे संतोषची जुनी फाईल पाहताच उत्तर मिळालं, "मनाचं आहे. गोळ्या नीट घेऊ द्या." घरी आल्यावर तो पुन्हा म्हणाला, "आई, तहान लागते गं." तेव्हा सुमनबाई घाबरल्या. जुना आजार उलटला असं त्यांना वाटलं. "नको असं म्हणू बाळा, ते मनाचं आहे," त्या म्हणाल्या. मग त्याने सांगणंच सोडलं. लेकराला अशक्तपणा येऊ नये म्हणून त्या रोज त्याला ग्लुकोजचं पाणी देत राहिल्या.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. माझ्या मिठीत तो दर वेळी थोडा कमी येत होता. पण टेपला आकडा दाखवता येतो, बोलता येत नाही.

तपासणीच्या दिवशी मी सुमनबाईंच्या पिशवीत होते. तेजलने आपल्या टेपने संतोषची कंबर मोजली आणि ती थबकली. तीन महिन्यांत तब्बल पाच इंच कमी! तिने पुन्हा मोजली.

"मावशी, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक."

"मग माझ्या टेपनं बघा," सुमनबाई ऐटीत म्हणाल्या. "हिला खोटं बोलता येत नाय."

तेजलने मला टेबलावर स्टीलच्या पट्टीशेजारी सरळ पसरलं. जुनी टेप ताणलेली असली तर माप चुकतं, हे तिला ठाऊक होतं. माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटी ठरावी असं मला वाटत होतं. मी खोटी ठरले तर संतोष ठीक होता.

पण मी बरोबर निघाले. तिने मला संतोषच्या कमरेभोवती धरलं. सुमनबाईंनी सवयीने दोन बोटं आत घातली.

"मावशी, बोटं काढा," तेजल हळूच म्हणाली. दोन्ही टेपांचा आकडा एकच आला.

मग तिने सुमनबाईंना नाही, संतोषला विचारलं, "दादा, तहान लागते का?"

त्याने आईकडे पाहिलं. "सांगू?" आणि मग म्हणाला, "लय लागते. पण ते मनाचं आहे ना?"

तेजलने लगेच त्याच्या बोटाच्या रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्राला लावला. यंत्राने आकडाच दाखवला नाही. फक्त 'हाय' अशी इंग्रजी अक्षरं आली.

"काय हाय?" सुमनबाईंनी विचारलं.

"साखर, मावशी. इतकी की यंत्राला मोजता येत नाही. दादाला आत्ताच्या आत्ता भरती करावं लागेल."

सुमनबाईंनी मला मुठीत घट्ट आवळलं. "मी तर ग्लुकोज पाजत होते," एवढंच त्या म्हणाल्या.

"तुम्ही त्याला इथे घेऊन आलात, मावशी," तेजल म्हणाली. "चला, उठा."

पहिले दिवस कठीण गेले. सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. शरीराचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच खाटेशी उभं राहून एकमेकांशी बोलले. मनाची एक गोळी बदलली, पण उपचार थांबवले नाहीत. संतोष वाचला, हळूहळू पुन्हा अंगाने भरला.

या एप्रिलमध्ये सुमनबाईंनी पांढरी पँट मांडीवर घेतली आणि घातलेले टाके उसवायला बसल्या. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं. पँट संतोषला नीट बसली. तेवढ्यात त्याने मला खिळ्यावरून काढलं.

"आई, उभी राहा. तुझं माप घेतो. उद्या तुझीपण साखर तपासायची. तेजलताई म्हणाली, हा आजार घरात चालत येतो."

"मला काय धाड भरलीय?"

"मीपण कुणाला दिसत नव्हतो आजारी."

सुमनबाई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी सगळ्या वस्तीला मिठी मारली होती, पण त्यांची कंबर मला माहीतच नव्हती. संतोषने मला त्यांच्याभोवती अलगद गुंडाळलं.

"दोन बोटं सैल धर रे," त्या पुटपुटल्या.

"नाय आई. खरं माप पाहिजे."

मित्रांनो, ज्याचं मन आजारी असतं त्याला शरीरही असतं. त्याला तहान लागते, त्याचे पाय दुखतात. तो काही सांगू लागला तर 'मनाचं आहे' म्हणून त्याला गप्प करू नका. आधी नीट मोजा, मग बोला. आणि मोजताना त्याच्या जवळ जा. लांबून कोणाचंच माप घेता येत नाही.